तिसऱ्या हाळीची ओ

नाचणीचं कणीस चोळायचं ते उजव्या तळव्यानं, डावा तळवा खोलगट धरून. दोनचार वळसे दिले की दाणे सुटतात. मग ओठांचा चंबू करून फुंकायचं. जोरात फुंकलं तर कोंड्याबरोबर दाणेही जातात आणि हळू फुंकलं तर कोंडा घशाला लागतो. परवा महाडातल्या आमच्या दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत उभी राहून मी हे केलं, तेव्हा सगळा कोंडा खालच्यांच्या वाळत घातलेल्या चादरीवर गेला. खालच्या वहिनींनी वर बघून विचारलं, पाखरं पाळलीत की काय बाई? मी हो म्हणून टाकलं. पंच्याहत्तरीच्या आसपास आलेल्या माणसाला अशी उत्तरं शोभतात.

कणसं गावाहून आली होती. दर आश्विनात माझा भाचा पोलादपूरकडून येणाऱ्या कुणाच्या तरी हाती पिशवी धाडतो. खाली गेल्या वर्षीची नाचणी आणि वर या वर्षीची पाचसहा कणसं, नुसती दाखवायला. त्याला माहीत आहे की आत्या आधी कणसं काढते, मग चष्मा लावते. कणीस नाकाशी धरलं की ओल्या पेंढ्याचा, धुक्याचा आणि किंचित धुराचा वास येतो. मग माझ्या घरच्यांनी मला दोन दिवस काही विचारू नये हे बरं. मी तेव्हा महाडात नसते.

आमची वाडी डोंगरावर, कुडपणच्या बाजूला, असं आपण म्हणू. म्हणू अशासाठी, की नेमकी जागा मी लिहिणार नाही. का, ते पुढं कळेल. महाराष्ट्र राज्य होऊन एकदोन पावसाळे झाले होते. जिल्ह्याचं नाव तेव्हा कुलाबा होतं, आणि आम्हा डोंगरावरच्या पोरांना महाड म्हणजे जगाचं दुसरं टोक वाटायचं. खाली खोऱ्यात भात पिवळं पडायला लागलं तरी वर आमच्याकडे पाऊस गेलेला नसे. गेल्यासारखा करायचा आणि विसरलेलं काहीतरी न्यायला परत यायचा. पठारावर सोनकी फुललेली, तेरडा वाळायला लागलेला, आणि दुपारी केव्हाही घळीतून धुकं वर चढायचं. ते चढलं की हातातली भाकरीही दिसायची नाही.

त्या दिवसांत राखण असे. नाचणीची कणसं वळायला लागली की माकडं, वानरं, डुकरं, पाखरं सगळ्यांना आमची आठवण येई. शेतात चार खांबांवर माळा बांधलेला असायचा. त्यावर बसून पत्र्याचा डबा बडवायचा, ओरडायचं आणि गोफण फिरवायची. खालच्या शेतांवर कुणालाही बसवत, पण आमचं वरचं शेत थेट रानाला लागून होतं. पल्याड घळ होती आणि घळीत दिवसाही अंधार. तिथं मुलींना एकटं धाडत नसत. मला धाडत. दहा वर्षांची होते मी.

हे मी आज जितक्या साधेपणानं लिहिते आहे तितकं ते साधं नव्हतं. मला त्याचा गर्व होता, आणि तो मी लपवतही नव्हते. वाडीत इतर मुली पाणी भरायला निघाल्या की मी मुद्दाम कमरेला गोफण खोचून त्यांच्यासमोरून जायची. आमचे रामजीतात्या, म्हणजे आबांचे, माझ्या वडिलांचे, चुलतभाऊ, वाडीतले शिकारी. ठासणीची बंदूक सबंध डोंगरात त्यांच्याकडे एकट्याकडे. त्यांनी एकदा देवळाच्या अंगणात चारचौघांत म्हटलं होतं, "दादाच्या येसूला भ्या ठावंच नाय." त्या एका वाक्यावर मी दोन पावसाळे काढले. राखणीवरून कुणी मला हलवलं असतं तर मी जेवले नसते.

राखणीचा एक नियम होता आणि तो आबांनी मला माळ्यावर बसवून, बोटं मोजून शिकवला होता. धुक्यात काही हललं की लगेच गोफण सोडायची नाही. माणूस असू शकतं. कुणी कुर्डूची भाजी खुडायला आलेलं असतं, कुणी चुकलेलं वासरू शोधत असतं. आधी हाळी द्यायची. एक, दोन, तीन. समोरचा माणूस असेल तर तिसऱ्या हाळीला ओ देईल. पहिल्या दोन हाळ्यांना आमच्याकडे कुणी ओ देत नसे, कारण त्या भुताच्या असू शकतात. भुताला तिसरी हाळी देता येत नाही हे सगळ्यांचं पक्कं मत होतं. का, ते कुणी सांगितलं नाही. बहुधा त्याला दोनापुढं मोजता येत नसावं. तर ओ आली की माणूस, त्याच्यावर दगड नाही. ओ आली नाही की जनावर, मग गोफण. इतका सरळ कायदा मी पुढं पुस्तकांत कुठं वाचला नाही.

त्या दिवशी नवरात्र नुकतं संपलं होतं. दुपार होती. भाकरी खाऊन मी माळ्यावर पाय सोडून बसले होते आणि धुकं आलं. आधी घळ गेली, मग बांध गेला, मग नाचणी गेली. मी आणि माळा एवढेच उरलो. थेंब टपटपत होते. आणि बांधाच्या बाजूनं कणसं चोळल्याचा आवाज आला. तो आवाज मी झोपेतही ओळखला असता. वानर कणीस चोळत नाही, तो ओरबाडतो आणि अर्धं टाकतो. हा आवाज सावकाश होता. चोळणं, मग थांबणं, मग फू.

मी खाली उतरले आणि दहाबारा पावलं पुढं गेले. धुकं थोडं हललं आणि एक पाठ दिसली. वाकलेली, रुंद, काळपट करडी, आणि तिच्यावरून पाणी निथळत होतं. मला वाटलं इरलं. डोक्यापासून कमरेखालपर्यंत पाठ झाकणारं, बांबूच्या कामट्यांत पानं विणलेलं इरलं पावसात आमच्याकडे प्रत्येकाच्या अंगावर असे. आम्ही लहानपणी आईबाप पाठमोरे आणि इरल्यातच जास्त पाहिले. डोंगराखालच्या कुणी ती पाठ बघितली असती तर बोंब मारून पळालं असतं. मी मात्र ओळखीची वाटली म्हणून आणखी पुढं गेले.

मी हाळी दिली. पाठ थांबली. दुसरी दिली. पाठ हलली नाही. तिसरी दिली, आणि तिकडून उत्तर आलं. लांब, खोल, नाकातून आल्यासारखं, पण ओ. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्या वरच्या वाडीच्या एक काकी सर्दीत अशाच ओ द्यायच्या. मला वाटलं त्याच आहेत, आणि आमची कणसं खातायत याचा मला राग आला. राखणदाराला वय नसतं. मी ओरडले, "काकी, बांधाच्या पल्याड जावा. ह्ये आमचं हाय."

आणि ते बांधाच्या पल्याड गेलं.

सबंध आयुष्यात माझं इतकं तंतोतंत कुणी ऐकलं नाही. पुढं पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं, पण सांगितल्याबरोबर उठून बांधापलीकडे जाणारा एकही विद्यार्थी मला मिळाला नाही. ते उठलं तेव्हा कळलं की इरलं नाही. इरलं माणूस उठला की पाठीवर लोंबतं. हे अंगाचंच होतं. ते दोन पायांवर उभं होतं, रामजीतात्यांएवढं उंच, आणि हात गुडघ्यांपर्यंत. शेपूट नव्हतं. मी ते मुद्दाम पाहिलं, कारण वानराचं आधी शेपूट दिसतं. बांध ओलांडून ते वळलं. तोंड वानरासारखं काळं नव्हतं, तपकिरी होतं, ओल्या मातीच्या रंगाचं, कपाळावर आडव्या रेघा. डोळे बारीक आणि थकलेले. ओंजळीत अजून थोडे दाणे होते. ते त्यानं माझ्याकडे बघत, हलकेच फुंकले आणि खाल्ले. कोंडा उडाला, दाणा एकही उडाला नाही.

मी हातातली गोफण उचलली नाही. भ्याले म्हणून नव्हे, हे आज शपथेवर सांगते. ओ दिलेल्यावर दगड टाकायचा नसतो. एवढंच माझ्या डोक्यात होतं. मग ते घळीकडे गेलं. घळीत कुठून उतरलं, कुठल्या दगडाला हात लावून, कुठल्या झाडाच्या मुळीवर पाय देऊन, ते मी सगळं पाहिलं. तोवर धुकं विरळ झालं होतं.

त्यानंतर मी चूक केली. मी धावत खाली गेले आणि आईला सांगितलं. ती पाण्यावर होती, तिथं आणखी दोघीतिघी होत्या. माझ्या तोंडून शब्द फुटण्याआधी अभिमानच फुटत होता. बिनशेपटीचं, दोन पायांचं, तात्यांएवढं, आणि मी एकटी होते, आणि मी पळाले नाही. बायका हसल्या. अस्वल असंल म्हणाल्या, गोसावी असंल म्हणाल्या. आईनं मला घरी जाऊन चूल बघायला सांगितलं. गोष्ट तिथंच संपली असती. पण दिवेलागणीच्या आत ती तात्यांच्या कानावर गेली, आणि तात्या हसले नाहीत. ते उजेड होता तोवर वर जाऊन बांध बघून आले. बांधाच्या चिखलात एक पाऊल उमटलेलं होतं. माणसाचं म्हणावं तर फार रुंद, आणि अंगठा बाजूला पडलेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळाच्या अंगणात दोन वाड्यांची माणसं जमली. कुत्री, ढोल, पत्र्याचे डबे. हाका घालायचं ठरलं होतं. म्हणजे एका बाजूनं आरडाओरडा करत रान उठवायचं आणि दुसऱ्या बाजूला बंदूक घेऊन बसायचं. तात्या पायरीवर बसून बंदुकीत दारू ठासत होते. तात्या वाईट नव्हते. त्यांच्या बंदुकीनं वाडीची शेतं कितीदा वाचवली होती, आणि शिकारीचा वाटा पडला की पहिला ते विधवेच्या घरी धाडत. पण त्या सकाळी त्यांचा चेहरा वेगळा दिसत होता. पोलादपूरच नव्हे, महाडच्या साहेबापर्यंत नाव जाईल, असं कुणीतरी म्हणालं आणि तात्या नुसते हसले. मग त्यांनी मला पुढं बोलावलं. घळ मोठी होती, तिला चार तोंडं होती. ते कुठल्या तोंडानं उतरलं हे फक्त मला ठाऊक होतं. सगळे माझ्याकडे बघत होते आणि त्यांत काल पाण्यावर हसलेल्या बायकाही होत्या. आज कुणी हसत नव्हतं. मला तेव्हा जगातलं सगळं मिळाल्यासारखं वाटत होतं.

तात्यांनी ठासायचा गज नळीतून ओढून काढला. त्याचा खर्र असा आवाज झाला. आणि मला ती ओ आठवली.

मी तीन हाळ्या दिल्या होत्या आणि त्यानं तिसरीला ओ दिली होती. मी म्हटलं बांधापल्याड जा, ते गेलं. कायदा मी सांगितला, त्यानं पाळला. आता मी बोट दाखवलं की गोळी सुटणार. दगड नाही पण गोळी चालते, असं आबांनी काही शिकवलं नव्हतं. आणि गप्प बसून भागणार नव्हतं. मी बोलले नसते तर तात्यांनी चारही तोंडं धरली असती.

मी म्हटलं, "तात्या, ते इरलं व्हतं. इरलं घेतल्यालं मानूस व्हतं."

तात्यांनी विचारलं कोण माणूस. धुक्यात तोंड दिसलं नाही, मी म्हणाले. पाऊल कुणाचं? माझंच, मी म्हटलं, चिखलात घसरले, दोनदा एकाच जागी पडलं. मग बिनशेपटीचं, तपकिरी तोंडाचं हे कुठून आणलंस? इथं मला अडखळायला झालं. कारण याचं उत्तर एकच होतं आणि ते माझ्या तोंडात कधी आलं नव्हतं. तात्या माझ्याकडे बघत राहिले, आणि मला वाटतं त्यांना खरंच वाईट वाटत होतं.

"भ्यालीस तू?" त्यांनी विचारलं.

"व्हय," मी म्हटलं. "भ्याले."

आधी एकजण हसला, मग अंगण हसलं. ढोलवाल्यानं ढोल खांद्याला अडकवला, कुत्र्यांना हाकललं. दोन वाड्यांची माणसं सकाळची कामं टाकून आली होती ती एका इरल्यासाठी. तात्यांनी भरलेली बंदूक झाडाच्या खोडात रिकामी केली, तो बार डोंगरात तीनदा घुमला. आईनं तिथंच जाहीर केलं की उद्यापासून येसू राखणीला जायची नाही. आणि कुणीतरी, कोण ते आठवत नाही, मला हाक मारली, ए इरलं. ते नाव त्या दिवशी माझ्या अंगावर बसलं ते कायमचं. लग्नात उखाण्याच्या वेळी माहेरच्या बायकांनी ते नवऱ्याच्या कानात सांगितलं. आजही गावी गेले की म्हातारे मला येसू म्हणत नाहीत.

मी रडले ती आबा सोबत असताना. आम्ही दोघं वरच्या शेतावरून माझी घोंगडी आणि डबा आणायला चाललो होतो. आबा कमी बोलायचे. अंगणात त्यांनी एक शब्द काढला नव्हता. अर्ध्या चढावर ते थांबले, मागं न बघता.

"हाळी दिली व्हतीस?"

"व्हय."

"किती?"

"तीन."

"ओ आली?"

मी सांगितलं, "तिसरीला."

आबांनी घळीकडे बघितलं. "मंग मानूसच ते, बाय," ते म्हणाले. "तू खोटं काय बोल्लीस?" आणि चालायला लागले.

त्या हंगामात आबा स्वतः माळ्यावर बसले. संध्याकाळी उतरले की मी काही विचारायच्या आत पाय धुताना म्हणायचे, आज कोण आलं नाही. मग कापणी झाली. सगळ्या शेतातली कणसं खुडून झाली, फक्त बांधालगतची, घळीच्या बाजूची एक पट्टी उभीच राहिली. आईनं विचारलं तेव्हा आबांनी सांगितलं, कीड लागलीय तिला. मी स्वतः ती पट्टी बघितली होती. तिला कसलीही कीड नव्हती. वर्षभर खायला पुरेल की नाही याची धास्ती असलेल्या घरात माझ्या बापानं दोन पायल्यांची नाचणी उभी सोडली आणि बायकोशी खोटं बोलला. त्याला वाचता येत नव्हतं, पण त्याच्याइतका मोठा माणूस मला पुढं भेटला नाही. पुढच्या भादव्यात त्यानं एका सकाळी माझ्यासमोर नवी वळलेली गोफण ठेवली आणि मी वरच्या शेताकडे निघाले. आईनंही तोंड फिरवून भाकरी बांधून दिली.

मला ते पुन्हा दिसलं नाही. पट्टी मात्र दर वर्षी उभी राहिली आणि दर वर्षी तिच्यातली कणसं चोळलेली सापडली. ओरबाडलेली नव्हेत. पुढं मी पोलादपूरला शिकले, मास्तरीण झाले. शिकवताना एकदा वानरकुळाचा धडा आला. बिनशेपटीचे वानर आपल्या देशात फक्त आसामकडे, असं पुस्तकात होतं. मी ते मुकाट्यानं फळ्यावर लिहिलं, हात झटकले आणि पोरांना लिहून घ्यायला सांगितलं. पुस्तकवाल्यानं तीन हाळ्या देऊन बघितल्या असत्या तर गोष्ट वेगळी.

परवा, कणसं आली त्याच आठवड्यात, एक तरुण मला भेटायला आला. बिरवाडीला खोली घेऊन राहतो, कारखान्यात नोकरी करतो, आणि सुट्टीच्या दिवशी रानात झाडांना कॅमेरे बांधतो. पोरगा गुणी वाटला. त्यानं मोबाईलवर उदमांजराचे, भेकराचे फोटो दाखवले, चहा बशीत न ओतता प्यायला, आणि मग मुद्द्यावर आला. आमच्या गावात त्याला कुणीतरी जुनी गोष्ट सांगितली होती. आजी, तुम्ही काहीतरी पाहिलं होतं ना? नुसती जागा सांगा. कॅमेऱ्यानं कुणाला काही इजा होत नाही. एक फोटो मिळाला तर सगळीकडे नाव होईल, तुमचंही. त्याच्या डोळ्यांत तेच होतं जे बंदूक ठासताना तात्यांच्या डोळ्यांत होतं. आणि खरं सांगू, मला मोह झाला. साठ वर्षं मला हसणारे सगळे त्या फोटोखाली गप्प झाले असते.

मी त्याच्या तळहातावर कणसाचे चार दाणे ठेवले आणि सांगितलं की ते इरलं होतं. इरलं घेतलेलं माणूस. मी लहान होते, भ्याले. तो शहाण्यासारखा हसला, वही मिटली, दारात चपला घालताना म्हणाला, म्हणून तुम्हाला गावात अजून इरलं म्हणतात होय. मी म्हटलं, हो, म्हणतात.

खाली त्याची मोटारसायकल सुरू झाली. मी गॅलरीत आले. सावित्री नदीच्या पलीकडे, पोलादपूरच्या अंगाला डोंगरावर धुकं उतरत होतं. आता वरच्या शेतावर भाचा आहे. पट्टी का सोडायची ते त्याला ठाऊक नाही, आजोबा सोडायचे म्हणून सोडतो. एवढं पुरे आहे. मला आयुष्यात मान मिळाला, शाल मिळाली, निवृत्तीच्या दिवशी नारळ मिळाला, पण मी मनापासून कमावलेलं असं ते एकच नाव. डोंगरावरच्या माणसानं पहिल्या हाकेला ओ देऊ नये, हे मी आजही पाळते. पण त्या डोंगरावरून कुणी मला इरलं म्हणून हाक मारली, तर मी पहिलीलाच ओ देईन.